किती रात्री राहणार?

आमच्या अंधेरीच्या घरात स्पॅनिश भाषा शिरली ती मोरीतून. मी राखेने भांडी घासत होते आणि तोंडाने 'आल्मोआदा, आल्मोआदा' असं घोकत होते. आल्मोआदा म्हणजे उशी. पातेल्याचा आणि उशीचा काही संबंध नाही हे मलाही कळत होतं, पण शिवणाच्या वर्गातल्या सिस्टर पिलारने बजावलं होतं की शब्द नुसता पाठ करायचा नाही, हाताला काम असताना तोंडात घोळवायचा. आईने आधी एकटीने डोकावून पाहिलं, मग आत्याला घेऊन आली. आत्याने माझ्या कपाळाला हात लावला, ताप नाही म्हणाली, आणि मीठमोहऱ्या ओवाळून टाकाव्यात का असं हळूच आईला विचारलं. आज माझी नात फोन कानाला लावून कुठल्याकुठल्या भाषा शिकते आणि तिचं सगळे कौतुक करतात. माझी मात्र त्या संध्याकाळी दृष्ट काढली गेली. काढू दिली मी. ओवाळून होईपर्यंत मनातल्या मनात उशी, चादर आणि घोंगडी पाठ करून घेतली.

घर म्हणजे कौलारू बैठ्या चाळीच्या टोकाच्या दोन खोल्या. मागे भय्यांचा तबेला, त्यापलीकडे विहीर आणि नारळाची झाडं, आणि त्याच्याही पलीकडे भाताची खाचरं. सकाळी जाग यायची ती म्हशींच्या हंबरण्याने आणि दुधाच्या बरण्यांच्या खणखणाटाने. वर्सोव्याच्या कोळणी टोपल्या घेऊन दारावरून जायच्या आणि आई त्यांच्याशी आठवड्यातून एकदा तरी कडाकडा भांडून कोलंबी घ्यायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते. मी मॅट्रिक झाले होते, टायपिंग शिकले होते, आणि आता घरी बसून 'दाखवली' जात होते. पोह्यांची बशी पुढे करायची, खाली बघायचं, नाव सांगायचं. पहिल्या मंडळींनी नाकारलं ते बरं झालं. दुसरी मंडळी रत्नागिरीची, त्यांनी मात्र पसंती कळवली. घरात आनंदीआनंद झाला. मला तो मुलगा पसंत आहे का, असं कोणी विचारलं नाही. विचारतात ही कल्पनाच नव्हती.

त्याच सुमारास सिस्टर पिलारने मला बाजूला घेतलं. स्टेशनच्या पलीकडच्या कॉन्व्हेंटमध्ये दुपारी शिवणाचा वर्ग चालायचा, तिथे ती शिकवायची. मूळची स्पेनची, पण उमेदीची सगळी वर्षं नगरकडच्या खेड्यांत गेलेली, त्यामुळे तिचं मराठी अस्सल तिकडचं. गोरीपान, निळ्या डोळ्यांची जोगीण 'काय गं पोरी, लई बेस टाका घातलास' म्हणायची, तेव्हा नव्या मुली तोंडात पदर कोंबायच्या. ती म्हणाली, गोव्यात आमच्या एका संताचं दर्शन खुलं व्हणार हाय, माझ्या मुलखातली माणसं जहाजानं इथवर येतील, गोव्याची बोट मिळेपर्यंत कुठंतरी ऱ्हातील. जुहूच्या रस्त्याला शिरीनबाई नावाच्या पारशिणीचं गेस्ट हाउस होतं, तिथे त्यांची सोय ठरली होती. शिरीनबाईंना काउंटरवर मुलगी हवी होती. त्या यात्रेकरूंपुरतं स्पॅनिश बोलता आलं आणि हंगाम नीट पार पाडला तर नोकरी कायम. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. हातातल्या झबल्याला उलटी बाही जोडली होती, ती उसवताना मी ठरवून टाकलं की काहीही झालं तरी ही जागा माझी.

अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "संक्रांतीपर्यंत रत्नागिरीला थोपवतो. तोवर नोकरी पक्की झाली तर ठीक. नाही झाली, तर मी होकार कळवणार, आणि मग रडायचं नाही." एवढी सवलत त्या काळात फार झाली. आत्याने मात्र नाक मुरडलं. परक्या पुरुषांना खाटा दाखवायच्या, हे काय काम गो, म्हणाली. मी म्हटलं, आत्या, देवाला निघालेली माणसं आहेत ती. त्यावर ती गप्प झाली, कारण देवाला निघालेल्या माणसाच्या आड येणं तिच्याच्याने होईना.

मग सुरू झाली माझी घोकंपट्टी. सिस्टर शिवणानंतर थांबवून घ्यायची आणि कॉन्व्हेंटच्या पाहुण्यांच्या खोलीत फिरवून एकेका वस्तूवर बोट ठेवायची. खोली म्हणजे आबिताथिओन, खाट म्हणजे कामा, किल्ली म्हणजे ल्यावे, गरम पाणी म्हणजे आग्वा कालिएंते, मच्छरदाणी म्हणजे मोस्कितेरो. तेच शब्द मी घरी आणून वस्तूंना चिकटवायची. चार दिवसांत आईसुद्धा 'अगं, ती आग्वा कालिएंते उतरव चुलीवरून' असं म्हणू लागली, आणि म्हणून झालं की स्वतःच लाजायची. बटाट्याला पाताता म्हणतात हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, मग त्यात नवीन काय शिकलीस, बटाटाच तो. तिला सगळ्यात आवडला तो देसायुनो. सकाळची न्याहारी, पण शब्दाचा अर्थ उपास सोडणं. आत्याचे आठवड्यातले निम्मे दिवस उपासाचे. परमुलखातले लोक रोज सकाळी उपास सोडतात हे ऐकून तिचं त्यांच्याबद्दलचं मत एकदम सुधारलं, आणि त्यानंतर ती घावन घालताना मला हाक मारायची ती 'ये गो, देसायुनो कर' अशीच.

आत्याबद्दल सांगायला हवं. ती अण्णांची थोरली बहीण. मी दुसरीत होते तेव्हा तिचे यजमान गेले आणि ती मालवणहून आमच्याकडे चार दिवस राहायला आली. ते चार दिवस मी मॅट्रिक झाले तरी चालूच होते. तिची पत्र्याची ट्रंक कॉटखाली असायची आणि तिची लुगडी त्या ट्रंकेतच असायची, घडी घालून, वर डांबराची गोळी ठेवून. आमच्या कपाटात तिचा एक चोळीखण नव्हता. ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची, घावनातलं फाटकं घावन आपल्या ताटात घ्यायची, आणि आमटीत मीठ कमी असलं तरी डब्याला हात न लावता आईला विचारायची. आईही 'वन्सं, तुम्ही बसा, मी देते' म्हणून उठायची. वन्सं म्हणजे नवऱ्याची बहीण, तिला कामाला लावणं आईला अपमानाचं वाटायचं. मला तेव्हा हे सगळं रीतीचंच वाटत होतं. कोणाच्या घरी असं कोणी राहतं, त्याला काय झालं.

डिसेंबर जवळ आला तसं सिस्टर म्हणाली, आता घरी माणसांवर सराव कर. मग आमच्याकडे संध्याकाळी हॉटेल भरू लागलं. दाराशी मेज ओढायचं, त्यामागे मी उभी. अण्णा कचेरीतून आले की त्यांना उंबऱ्यावर थांबवून 'ब्वेनास तार्देस' म्हणायची, आणि तेही छत्री काखेत धरून 'ब्वेनास' म्हणायचे. एवढा एकच शब्द त्यांना आला शेवटपर्यंत. नाव काय, माणसं किती, खोली वरची की खालची, सगळं मी स्पॅनिशमध्ये विचारायची आणि लगेच मराठीत सांगायची, कारण अर्थ कळल्याशिवाय आमच्याकडे कोणी उत्तर देईना. आई पाहुणी झाली की हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. एके दिवशी आत्याही तयार झाली. बाहेर जाऊन, हातात कापडी पिशवी घेऊन, पदर दोन्ही खांद्यांवरून नीट ओढून दारात उभी राहिली. अगदी खऱ्यासारखी.

त्याच दुपारी सिस्टरने मला नवा प्रश्न दिला होता. किल्ली देण्याआधी तो विचारायचाच, म्हणाली, तो इसरलीस तर बाकी समदं फुकट. क्वांतास नोचेस. मी झोकात तो आत्याला विचारला. सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले आणि मी सवयीने अर्थ सांगितला, "किती रात्री राहणार?"

आई पोळी लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. अण्णांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. आत्या हसली, म्हणजे नुसते ओठ हलले. "बघू," म्हणाली, आणि पिशवी घेऊन माझ्या मेजाच्या बाजूने आत निघून गेली. त्या रात्री ती उपास नसताना जेवली नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांना विचारत होती, मालवणच्या बोटी हल्ली वेळेवर आहेत का रे. अण्णांनी 'बघू' म्हटलं. आमच्या घरात अवघड गोष्टीचं उत्तर बघू असंच असायचं. आईने मला मागच्या दारी विहिरीवर नेलं आणि दबक्या आवाजात झाडलं, "घरी आलेल्या माणसाला कधी जाणार असं विचारतात? एवढी मॅट्रिक झालीस ना?" मी म्हटलं, अगं ते हॉटेल आहे. ती म्हणाली, हॉटेल असेल, तरी माणसंच येणार ना? तो एक प्रश्न सोड, बाकीचे विचार. आत्याचा तो चेहरा मी पाहिला होता. मी तो प्रश्न सोडला. नुसता सोडला नाही, मनातून पुसूनच टाकला.

पहिली तुकडी आली तेव्हा मी नवी चप्पल घालून आणि आईचं इरकली लुगडं नेसून शिरीनबाईंच्या व्हरांड्यात उभी होते. काळ्या कपड्यांतल्या बायका, उन्हाने लाल झालेले पुरुष, सगळ्यांच्या गळ्यात क्रूस. मी 'ब्वेनास तार्देस' म्हटलं आणि त्यांचे चेहरे असे खुलले की मला रडू येईल की काय असं वाटलं. हजारो मैलांवरून आलेल्या माणसाला आपली भाषा ऐकू येते तेव्हा काय होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि पुढे आयुष्यभर पाहत आले. खोल्या दिल्या, किल्ल्या दिल्या, गरम पाणी पहाटे मिळेल म्हणून सांगितलं, मच्छरदाणी कशी खोचायची ते दाखवलं. शिरीनबाई फुलाफुलांचा फ्रॉक घालून दारात उभ्या होत्या, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. किती रात्री राहणार, हे मी कोणालाच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरी तुकडी उतरली. एक म्हातारं जोडपं होतं, एक तरुण पाद्री, आणखी काही जण. शिरीनबाईंनी मला विचारलं, "डीकरी, कोणता रूम आज खाली होते?" मला काय माहीत. कोणाची बोट आज असेल, कोणाची तीन दिवसांनी, प्रत्येकाचं वेगळं. पहिली मंडळी सकाळीच वांद्र्याच्या चर्चमध्ये गेली होती, खोल्यांना कुलपं, सामान आत. त्यामुळे नवी माणसं व्हरांड्यात आपापल्या ट्रंकांवर बसून राहिली. मी लिंबाचं सरबत दिलं, पुन्हा दिलं, शहाळी फोडून आणली. त्या म्हातारीचे पाय सुजले होते आणि ती माझ्याकडे बघून दरवेळी हसायची, त्याने मला जास्तच शरम वाटायची. दिवेलागणीला पहिली मंडळी परतली तेव्हा कळलं की एकही खोली रिकामी होणार नाही. नव्या सगळ्यांना टांग्यांत घालून कॉन्व्हेंटच्या सभागृहात जमिनीवर झोपायला पाठवावं लागलं.

शिरीनबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "तू एकदम मीठी बोलते, डीकरी. सगळ्यांना आवडते. पण मी घर नाय चालवत, गेस्ट हाउस चालवते. परवा शेवटची पार्टी येणार. तेव्हा विचारशील तर तुझी जागा. नाय जमला तर वाईट नको वाटून घेऊ, मी कॉन्व्हेंटमधली दुसरी मुलगी बघते." मी मान हलवली आणि चालत अंधेरीला आले. बसचे पैसे होते, पण बसमध्ये बसून राहण्याइतका धीर नव्हता.

घरी येऊन सगळा राग आईवर काढला. तुझ्या रीतीमुळे माझी वाट लागली, म्हटलं. विचारू नको म्हणालीस, मी विचारलं नाही, आता परवा विचारता आलं नाही तर नोकरी गेली, मग बसा रत्नागिरीला पेढे वाटत. आई गोरीमोरी झाली. अण्णा आवाज चढवू नकोस म्हणाले, म्हणून मी आणखी चढवला. आत्या आत कुळीथ निवडत होती. सूप बाजूला ठेवल्याचा आवाज आला आणि ती बाहेर आली. ते मेज अजून दाराशीच होतं. त्याच्या पलीकडे ती येऊन उभी राहिली.

"विचार," म्हणाली.

"काय विचारू?"

"परवा विचारायचंय ना, तेच. मला विचार गो."

मी म्हटलं, आत्या, तुला नाही विचारणार. ती म्हणाली, मला नाही विचारलंस तर त्या बायांना कशी विचारशील, त्या काय माझ्याहून वेगळ्या आहेत? मी खाली बघून पुटपुटले, "क्वांतास नोचेस?" ती म्हणाली, ते नको, आपल्या भाषेत विचार, आणि वर बघून.

मी वर बघितलं. "आत्या, किती दिवस राहणार तू?"

"मरेपर्यंत," आत्या म्हणाली. अगदी साध्या आवाजात. मग मेजाचा आधार घेऊन खाली बसली. "केव्हापासून सांगायचं होतं. पण कोणी विचारलंच नाही तर मी सांगू कशी? आपणहून म्हणायचं की मला ठेवून घ्या? रोज उठले की वाटायचं, आज विचारतील. विचारत नाहीत म्हणजे मनात काहीतरी असणार. म्हणून ट्रंक भरून ठेवते. त्या दिवशी हिने विचारलं तेव्हा वाटलं, आली ती वेळ. पण हिला उत्तर नको होतं, हिला धडा पाठ करायचा होता. माझं उत्तर घशातच राहिलं."

आई रडायला लागली. वन्सं, मी विचारलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं जा म्हणते, असं काहीतरी म्हणत होती. मलाही रडू आलं, आणि रागही आला, सगळ्यांचाच. एका घरात एवढी वर्षं तीन शहाणी माणसं एकमेकांना जपत बसली, आणि त्यापायी एका बाईने कपाटात लुगडं ठेवलं नाही. आईने त्याच पावली उठून कपाटातला वरचा कप्पा मोकळा केला आणि ट्रंक ओढून बाहेर काढली. आत्या डोळे पुसत होती, पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. अण्णांकडे वळून म्हणाली, "आणि ह्या पोरीला विचारलं रे कोणी, तिला रत्नागिरीक जायचं आहे का?" अण्णांनी सुपारीचा अडकित्ता खाली ठेवला. बघू म्हणाले नाहीत. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले की आधी परवाचं पार पाड.

आज मोठ्या हॉटेलांत मशीन हा प्रश्न विचारतं, कोणाला त्यात काही वाटत नाही. पण माझ्या हाताखाली पुढे कितीतरी मुली तयार झाल्या, आणि आपल्याकडच्या चांगल्या घरातली प्रत्येक मुलगी पहिल्यांदा इथेच अडखळली. चहा विचारेल, प्रवास कसा झाला विचारेल, किती दिवस हे विचारताना तिचा आवाज खाली जाईल. मी त्यांना रागावले नाही कधी. त्यांना समोर बसवायची आणि मला विचार म्हणायची.

तो परवाचा दिवस आला आणि शेवटची तुकडी उतरली. सगळ्यांत पुढे एक म्हातारी होती, एकटीच, काळा रुमाल बांधलेली, हातात चामड्याची जड पिशवी. शिरीनबाई दारात उभ्या होत्या. नाव विचारलं, तिने सांगितलं. माणसं किती, तर एक. आता पुढचा प्रश्न. मला वाटलं हिचाही चेहरा तसाच होईल, ओठ हलतील, आणि ही पिशवी घेऊन निघून जाईल. मी मान वर केली, तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि आवाज खाली न नेता विचारलं.

तिने क्षणभर विचार केला. "त्रेस," म्हणाली. तीन. आणि इतका वेळ घट्ट धरलेली ती पिशवी तिने माझ्या काउंटरजवळ खाली ठेवली, कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली, आणि एक लांब श्वास सोडला. आपल्याला इथे तीन रात्रींची जागा आहे हे तिला कळलं होतं, आणि ते मी विचारलं म्हणून कळलं होतं. मला एवढा आनंद झाला की तिला किल्ली द्यायचीच विसरले. तिनेच बोटाने खुंटीकडे दाखवलं.

शिरीनबाई माझ्यामागे आल्या. त्यांनी आपल्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि माझ्यासमोर टाकला. "तुझ्या बापाला सांग, डीकरी कामाला लागली," म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात आचाऱ्यावर ओरडायला निघून गेल्या. मी जुडगा कमरेला खोचला. रांगेत पुढे एक जाडजूड गृहस्थ आणि त्यांची बायको उभी होती. मी त्यांना अजून ब्वेनास तार्देससुद्धा म्हटलं नव्हतं.

"क्वांतास नोचेस?" मी विचारलं.